ध्रुवाचे मागणे

ध्रुवाची कथा आपल्या सभासद बंधुभगिनींस नवी नाही. कीर्तनातून, आजीच्या तोंडून ती आपण प्रत्येकाने ऐकली आहे. परंतु ओळखीच्या कथेचा शेवट तेवढा ध्यानात राहतो. ध्रुव म्हटला की अढळपद आठवते. पाच वर्षांचे ते पोर घरातून मुळी निघाले का, इकडे आपले लक्ष जात नाही. या पाठात आम्ही कथेच्या त्या आरंभाचाच विचार करणार आहो. कारण हैदराबादेसारख्या मोठ्या शहरात मुले वाढविणाऱ्या आईबापांनी तोच भाग पुन्हा पुन्हा वाचावा, असे आम्हांस वाटते.

श्रीमद्भागवताच्या चतुर्थ स्कंधात ही कथा आली आहे. उत्तानपाद राजास सुनीती व सुरुची अशा दोन राण्या होत्या. एके दिवशी सुरुचीचा पुत्र उत्तम यास राजा मांडीवर घेऊन खेळवीत होता. सुनीतीचा ध्रुव तेथे आला व तोही मांडीवर चढू लागला. तेव्हा सुरुचीने त्यास झिडकारले. मांडी हवी असेल तर ईश्वराची आराधना करून माझ्या पोटी जन्म घे, असे ती म्हणाली. आणि राजा? राजा काहीच बोलला नाही. पोर रडत आईकडे गेले, तरी बाप पाहत राहिला, पण मुखातून शब्द निघाला नाही. सुरुचीच्या शब्दांवर कीर्तनकार पुष्कळ बोलतात. आम्हांस मात्र या कथेत राजाचे मौन अधिक बोचते.

ध्रुवाने काय मागितले होते, याचा विचार करावा. त्याने राज्य मागितले नव्हते की खेळणे मागितले नव्हते. त्याला बापाची मांडी हवी होती. वनाच्या वाटेवर भेटलेल्या नारदांनीही प्रथम त्यास हेच सांगितले की, खेळण्याच्या वयात मान काय आणि अपमान काय, बाळ, घरी परत जा. परंतु तो परतला नाही. मोठ्यांस जी गोष्ट क्षुल्लक वाटते, ती लहानाच्या हृदयात किती खोल जाते, हे येथे दिसते. ‘अजून लहान आहे, त्याला काय कळते’ असे आपण सहज म्हणतो. तेव्हा या प्रसंगाची आठवण ठेवावी.

आता आपल्या शहराकडे वळू. १९०७ साली येथे विवेकवर्धिनी संस्था निघाली. त्या पिढीच्या पुष्कळ मराठी घरांची शाळा, कचेरी, बाजार व देऊळ ही सारी पायी जाण्याच्या टप्प्यात असत. दिवेलागणीस बाप घरी असे, आणि तो नसला तरी आजोबांची मांडी मोकळी असे. आज काचीगुड्याकडे राहणारा गृहस्थ माधापूर किंवा गच्चीबावलीस नोकरीला जातो. अंतर मोठे आणि वाटेतील गर्दी त्याहून मोठी. शिवाय अनेकांचे काम अमेरिकेतील कचेऱ्यांशी जोडलेले असते. न्यूयॉर्क येथे सकाळचे नऊ वाजतात, तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात सायंकाळचे साडेसहा व हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. म्हणजे देवापाशी दिवा लावून शुभंकरोती म्हणावयाची जी वेळ, नेमकी तीच तेथील बैठकीची वेळ ठरते. आजीआजोबा बहुधा नांदेड-परभणीकडे राहिलेले. मूल दारातल्या दारात उभे राहते आणि बंद खोलीतून बाबांचा इंग्रजीतील आवाज ऐकते.

यात आईबापांचा दोष काढण्याचा आमचा हेतू नाही. ते कष्ट करतात ते मुलांसाठीच. उत्तानपाद सुरुचीच्या भिडेने गप्प राहिला. आजचा बाप कामाच्या ओझ्याने गप्प असतो. परंतु मांडीवर चढू पाहणाऱ्या मुलास हा भेद कसा कळावा? त्याला एवढेच कळते की, आपण हाक मारली आणि ओ मिळाली नाही. काम संपल्यावरही हातातील मोबाईलवरून दृष्टी निघाली नाही, तर त्या मौनास कामाचे निमित्तही उरत नाही.

हा भार एकट्या आईवर टाकून भागणार नाही. सुनीतीने मुलास जवळ घेतले, सावत्र आईचे वाईट चिंतू नको असे शिकविले आणि ईश्वराची वाट दाखविली. तिने आपले कर्तव्य पुरेपूर केले. तरीही बापाच्या मांडीची उणीव तिला भरून काढता आली नाही. आजच्या आईस तर बहुधा स्वतःची नोकरीही सांभाळावी लागते. २०१७ सालच्या कायद्याच्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूतीची भरपगारी रजा २६ आठवड्यांची झाली, आणि ५० वा अधिक माणसे कामास असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय करण्याचे बंधन आले. या सवलतींची माहिती प्रत्येक कुटुंबाने करून घ्यावी व त्या हक्काने मागाव्या. परंतु मांडी देण्याचा कायदा कोणतेही सरकार करू शकत नाही. तो घरानेच करावयाचा आहे.

मग करावे काय? आपल्या जुन्या कालगणनेत अहोरात्राच्या साठ घटका मानल्या आहेत. एक घटका म्हणजे २४ मिनिटे. साठांतील एक घटका मुलाच्या नावाने ठेवावी, एवढेच आमचे सांगणे आहे. त्या घटकेत मोबाईल दुसऱ्या खोलीत असावा. अभ्यासाची चौकशी, गुणांची तुलना, उपदेश यांस त्या वेळी रजा द्यावी. मूल जे सांगेल ते ऐकावे. ते काही न बोलले तर नुसते जवळ बसावे. आपली भाषाही याच घटकेत जगते. शाळेत इंग्रजी, खेळताना तेलुगू, बाजारात हिंदी, अशा या शहरात मराठीला बापाच्या मांडीइतकी सुरक्षित जागा दुसरी नाही.

घटका सायंकाळचीच हवी असे नाही. सहा ते बारा वर्षांच्या मुलास रात्रीची नऊ ते बारा तास झोप लागते, असे निद्रेचे अभ्यासक सांगतात. शाळेच्या गाडीसाठी सहाला उठावयाचे असेल, तर मूल नऊच्या आत झोपले पाहिजे. बाबांची वाट पाहत त्यास दहापर्यंत जागविणे हिताचे नाही. ज्यांचे काम रात्री चालते, त्यांनी सकाळची घटका धरावी. धाकट्यांस गप्प बसविण्यासाठी मोबाईल देण्याची सवयही मोडावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे की, दोन वर्षांपर्यंतच्या मुलास पडद्यासमोर बसवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलास दिवसातून एक तासाहून अधिक बसवू नये.

परंतु मुख्य गोष्ट वेळेच्या लांबीची नाही, नेमाची आहे. ‘ध्रुव’ या शब्दाचा अर्थच अढळ, स्थिर असा आहे. रविवारी चार तास आणि मग सहा दिवस काहीच नाही, यापेक्षा रोजची ठरलेली एक घटका मुलास अधिक आधार देते. ती आज येईल व उद्याही येईल, हा भरवसाच त्याचे अढळपद होय.

कथेचा पुढचा भागही विसरू नये. ध्रुव निघून गेल्यावर राजास पश्चात्ताप झाला. प्रेमाने मांडीवर चढू पाहणाऱ्या बाळास आपण जवळ केले नाही, असे तो नारदांपाशी रडून बोलला. पुत्र परत येताच तो रथातून उतरून धावला आणि त्याने त्यास पोटाशी धरले. ज्या आईबापांस आपल्याकडून उशीर झाला असे वाटते, त्यांनी यावरून धीर घ्यावा. मुले मनाने मोठी असतात. ध्रुवाने तर सुरुचीच्याही पायांवर मस्तक ठेवले.

शेवटी एक लहानसा उपक्रम सुचवितो. विवाहात वधूवरांस ध्रुवदर्शन घडवितात. त्या रात्री आपण पाहिलेला तो तारा आता आपल्या मुलास दाखवावा. एखाद्या निरभ्र रात्री गच्चीवर जाऊन उत्तरेकडे तोंड करावे. वैशाखाच्या सुमारास सायंकाळी सप्तर्षी उंच असतात. त्यांतील पुलह व क्रतू यांना जोडणारी रेषा क्रतूच्या पुढे वाढविली की ती ध्रुवापाशी जाते. ध्रुवाची उंची त्या त्या गावाच्या अक्षांशाइतकी असते. हैदराबादेत ती सुमारे सतरा अंश, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन मुठींहून थोडी कमी. इमारती आड येतील, दिव्यांचा उजेड आड येईल. जरा शोधावे लागेल. शोधता शोधता मूल दमले, तर त्यास मांडीवर घ्यावे आणि ही कथा आरंभापासून सांगावी.