मंजुरीची बातमी छापण्यापूर्वी

नागरी संघटनेच्या बातमीपत्रात सर्वांत जास्त वेळा छापली जाणारी आणि सर्वांत कमी तपासली जाणारी बातमी एकच असते : आपलं अमुक काम महापालिकेच्या अंदाजपत्रकात मंजूर झालं. माझं म्हणणं असं की, ती अर्धीच बातमी आहे आणि अर्धी बातमी छापल्याने नुकसान होतं. अंदाजपत्रकात रक्कम दिसली म्हणजे महापालिकेला ती खर्च करण्याची मुभा मिळाली. ती खर्च केलीच पाहिजे असं बंधन तिच्यावर येत नाही. मुभा आणि बंधन यांच्यातलं अंतर आमच्या वसाहतीने एका पदपथापायी पुरेपूर अनुभवलं आहे. शहराचं आणि कार्यालयाचं नाव मी इथे घेत नाही. दोष एका अधिकाऱ्याचा असता तर त्याची बदली झाल्यावर विषय संपला असता. तो संपलेला नाही, म्हणून लिहितो आहे.

पुण्यात २००६ पासून नागरिकांकडून कामं सुचवून घेतली जातात. आमच्याकडची रीतही साधारण त्याच धर्तीची : क्षेत्रीय कार्यालयात अर्ज, कनिष्ठ अभियंत्याचा अभिप्राय, प्रभाग समितीची शिफारस आणि शेवटी अंदाजपत्रकाच्या जाडजूड पुस्तकात एक ओळ. ही कल्पना १९८९ मध्ये ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरात रुजली, तेव्हा वस्त्यावस्त्यांतले लोक सभेत बसून कामांचा अग्रक्रम ठरवत आणि त्यांनी निवडलेले प्रतिनिधी पुढे खर्चावर नजर ठेवत. आपण त्यातला अर्ज तेवढा उचलला आणि नजर ठेवण्याचा भाग सोडून दिला. कायद्यात जागा नाही असंही नाही. ७४वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आहे. तीन लाखांवर लोकवस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात असं ती सांगते. महाराष्ट्राने २००९ मध्ये क्षेत्रसभेची तरतूदही कायद्यात घातली. मतदारांची क्षेत्रसभा नेमाने भरली असती, तर सुचवलेल्या कामाचं पुढे काय झालं हे विचारायला हक्काची जागा मिळाली असती. ती भरत नाही, म्हणून तो प्रश्न संघटनेच्या बातमीपत्राने विचारायचा असतो. आणि आपली बातमीपत्रं आभाराचे मजकूर छापण्यात गुंतलेली असतात.

सुचवलेलं काम सहसा कोणी नाकारत नाही. नाकारायचं तर कारण लिहावं लागतं आणि लिहिलेल्या कारणाला उत्तर देता येतं. काम राहून जातं, आणि राहून गेलं की त्याच्या पैशांचं वर्गीकरण होतं, म्हणजे एका कामाची तरतूद दुसऱ्या कामाकडे वळवली जाते. कायद्यात त्याची सोय आहे आणि असायलाही हवी. पावसाळ्यात नाल्याची भिंत खचली तर पैसे कुठून तरी आणावेच लागतात. पण आमच्या पदपथाचा वर्गीकरणाचा प्रस्ताव फाइलमध्ये वाचायला मिळाला, त्यात भिंतीचा किंवा पुराचा उल्लेख नव्हता. कारण एवढंच होतं की, ही तरतूद चालू आर्थिक वर्षात खर्ची पडेल असं दिसत नाही. प्रस्ताव ज्या कार्यालयाचा, त्याच कार्यालयाने एप्रिलपासून त्या कामाचं पूर्वगणनपत्रक, म्हणजे खर्चाचा तपशीलवार अंदाज, तयार करायचं होतं. ते केलं नाही म्हणून निविदा निघाली नाही, निविदा नाही म्हणून खर्च झाला नाही, खर्च नाही म्हणून पैसे शिल्लक राहिले आणि शिल्लक आहेत म्हणून वळवले. ही सगळी साखळी एका पानावर मावली होती. ज्यांनी खर्च करायचा त्यांनीच खर्च होणार नाही असा दाखला द्यायचा, आणि त्या दाखल्यावर पैसे मोकळे व्हायचे. ते पान वाचेपर्यंत मी उशिराला सरकारी ढिलाई समजत होतो. या उशिराचा कोणाला तरी उपयोग होतो, हे त्या पानाने दाखवलं.

पैसे गेले कुठे, तेही त्याच पानावर होतं : प्रभागात विविध ठिकाणी दुरुस्तीची कामं करणे. ‘विविध ठिकाणी’ हे दोन शब्द प्रत्येक संघटनेने नीट पाहून ठेवावेत. ज्या कामाला ठिकाण नाही ते झालं की नाही, हे कुठे उभं राहून तपासणार? आमचा अर्ज मात्र कुठल्या फाटकापासून कुठल्या खांबापर्यंत, एवढ्या तपशिलाचा होता. तपशील असलेलं काम मागे पडलं आणि तपशील नसलेलं पुढे गेलं, याचा राग अजून उतरलेला नाही. उतरावा असं वाटतही नाही.

त्याहून जास्त लागलं ते तक्रारीच्या उत्तरांचं. पदपथ होत नाही अशी तक्रार नोंदवली की, काम अंदाजपत्रकात प्रस्तावित आहे असं उत्तर यायचं आणि तक्रारीपुढे ‘निकाली’ असा शेरा पडायचा. म्हणजे ज्या मंजुरीची अंमलबजावणी होत नाही म्हणून तक्रार, तीच मंजुरी तक्रार बंद करायला पुरेशी. वरिष्ठांकडे दाद मागितली तेव्हा तक्रारीच्या कागदांना आमच्याच बातमीपत्राचं पान जोडलेलं निघालं. त्यात मंजुरीची बातमी आणि चार ओळी आभार होते. संघटना समाधानी आहे, याचा तो पुरावा ठरवला गेला. वर्गीकरणानंतर तोंडी ऐकवलं गेलं की, आमचा पाठपुरावा कमी पडला. आमच्या प्रत्येक पत्राच्या स्थळप्रतीवर आवक शिक्का आहे. पाठपुरावा कमी पडला हे वाक्य त्या शिक्क्यांसमोर टिकत नाही. आणि मंजूर झालेल्या कामासाठी नागरिकांनी वर्षभर खेटे घालावेत, हे कोणत्या नियमात लिहिलं आहे तेही कोणी दाखवत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो मनुष्यबळाचा. एकेका कनिष्ठ अभियंत्याकडे पदपथ, गटारं, अतिक्रमणं, निवडणुकीचं काम असं सगळंच असतं. हे खरं आहे आणि मी ते हलक्यात घेत नाही. पण त्याच वर्षी, त्याच माणसांनी इतर कामांची पूर्वगणनपत्रकं केली आणि निविदाही काढल्या. माणसं कमी असतील तर कामांचा क्रम लागतो. मग तो क्रम कोणी आणि कशावरून लावला हे सांगायला हवं. दुसरं कारण आचारसंहितेचं. २०२४ मध्ये लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली आणि विधानसभेची १५ ऑक्टोबरला, हे बरोबर. मात्र जे काम जागेवर प्रत्यक्ष सुरू झालेलं असतं ते आचारसंहितेत थांबत नाही. कार्यादेश निघाला पण कुदळ पडली नाही, असं काम थांबतं. म्हणून नुसत्या कार्यादेशावरही समाधान मानू नये. तिसरं म्हणणं असं की, त्या काळात नगरसेवक नव्हते, प्रशासक होते. राज्यातल्या अनेक महापालिकांच्या मुदती संपून वर्षानुवर्षं निवडणुका झाल्या नव्हत्या. मुंबई आणि पुण्याची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली होती. पण प्रशासकाच्या काळात प्रस्ताव ठेवणारं आणि मंजूर करणारं प्रशासन एकच होतं. अडवायला कोणी नव्हतं, तर कामं वेगाने व्हायला हवी होती. वेगाने वर्गीकरणं झाली.

आता ज्यांची कामं यंदाच्या पुस्तकात आली आहेत त्यांच्यासाठी. अर्ज देण्याआधीच जागा कोणाच्या ताब्यात आहे ते पाहा. जुन्या वसाहतींतले पुष्कळसे अंतर्गत रस्ते कागदोपत्री महापालिकेच्या ताब्यात आलेले नसतात. त्यांच्यावर सार्वजनिक पैसा खर्च करता येत नाही आणि हे नेमकं फेब्रुवारीत सांगितलं जातं. कामाच्या नावात सुरुवात, शेवट आणि लांबी लिहून घ्या. पुस्तक छापून आलं की त्या ओळीचा अंदाजपत्रकीय संकेतांक टिपून ठेवा आणि पुढचा सगळा पत्रव्यवहार त्याच आकड्याने करा. कामाचं नाव फाइलीगणिक बदलतं, संकेतांक सहसा बदलत नाही. बातमीपत्रात ‘मंजूर’ हा शब्द एकटा छापू नका. प्रत्येक कामापुढे पूर्वगणनपत्रक, निविदा, कार्यादेश आणि जागेवर सुरुवात यांच्या तारखांसाठी रकाने ठेवा. तारीख नसेल तर रकाना रिकामाच छापा. रिकामा रकाना महिन्यामागून महिने लोकांच्या डोळ्यांसमोर राहतो आणि तो फोटोकॉपी करून कोणी समाधानाचा पुरावा म्हणून फाइलला जोडू शकत नाही. दिवाळीपर्यंत निविदा निघाली नसेल तर वर्गीकरणाची शक्यता धरून चाला आणि या कामाची तरतूद वळवू नये असं पत्र तेव्हाच द्या. फेब्रुवारीतल्या पत्राला अर्थ नसतो.

माहिती अधिकाराचा अर्ज संघटनेच्या लेटरहेडवर करू नका. २००५ चा कायदा हा हक्क नागरिकाला देतो, संस्थेला नाही, आणि एवढ्या मुद्द्यावर अर्ज परत आलेले आहेत. एका सभासदाने स्वतःच्या नावाने करावा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, तेव्हा वर्गीकरणाचा प्रस्ताव आणि मोजमाप पुस्तक, म्हणजे झालेल्या कामाच्या मोजमापांची नोंदवही, यांसाठी वेगवेगळे अर्ज करा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं की पुरतं. अर्जाचीही गरज नेहमी पडत नाही. राज्य शासनाच्या २०१८ च्या परिपत्रकानुसार जिल्हा पातळीवरच्या आणि खालच्या कार्यालयांत, महापालिकांतही, सोमवारी दुपारी तीन ते पाच नागरिकांना अभिलेख पाहण्याची सोय करण्यात आली. ती सोय अजून लागू आहे का हे आधी विचारून घ्या आणि ते परिपत्रक छापून सोबत ठेवा. सोमवारी साहेब साइटवर गेले आहेत असं सांगितलं जाईल. तुम्हाला साहेब पाहायचे नाहीत, फाइल पाहायची आहे, हे शांतपणे सांगा. आवाज चढवू नका, कागद जपून ठेवा, एकट्याने जाऊ नका. हे सगळेच सांगतात, पण ते खरं आहे.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारा आक्षेप वेगळा आहे. फाइली पाहायला, अर्ज करायला वेळ असतो तो सोसायट्यांतल्या निवृत्त आणि सुस्थितीतल्या लोकांना. अशा रेट्याने पैसा त्यांच्याच दाराशी जाईल, शेजारच्या वस्तीचं काय? हा धोका खरा आहे आणि संघटनांनी तो कानाआड करू नये. पण वर्गीकरणात सगळ्यात आधी बळी जातं ते असंच काम, ज्याच्यामागे विचारणारा कोणी नसतो. वस्तीतल्या शौचालयाची दुरुस्ती आणि आमचा पदपथ एकाच पुस्तकात असतात आणि एकाच पद्धतीने गायब होतात. म्हणून बातमीपत्राच्या तक्त्यात प्रभागातली सगळी नागरिक-सूचित कामं घ्यावीत, आपल्या फाटकासमोरचं एकच नव्हे. आणखी चार सहकारी म्हणतात, अधिकाऱ्यांशी संबंध बिघडतील, गोड बोलून काम होतं. गोड आम्हीही बोललो. गोड बोलण्यातून आश्वासन मिळतं, आणि फाइलला आश्वासन लागत नाही, नोंद लागते.

काम खरंच सुरू झालं तर खरी राखण तिथून पुढे. पदपथाचे ब्लॉक बसले की खालचं काही दिसत नाही, म्हणून खडी आणि वाळूचा थर घालताना रोज मोजपट्टी धरून फोटो काढा. माणसं चालणार तिथे साधारण ६० मिलिमीटर जाडीचे ब्लॉक चालतात, गाड्या चढणार त्या प्रवेशांपाशी ८० लागतात. पूर्वगणनपत्रकात ८० आणि जागेवर ६० असेल तर मोजमाप पुस्तकात काय लिहिलं जातं ते पाहा. भारतीय रस्ते काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक पुस्तिकेप्रमाणे पदपथाला अडथळ्यांविना किमान १.८ मीटर रुंदी हवी आणि कडेची उंची १५० मिलिमीटरच्या वर जायला नको. आपल्याकडे गुडघ्याएवढे उंच पदपथ बांधून त्यावर विजेचा डबा उभा करतात आणि म्हाताऱ्या माणसांना रस्त्यावरून चालायला लावतात. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २ मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना मागण्याचाही हक्क आहे. तो फार थोडे लोक वापरतात. अंतिम बिल निघण्याआधी तो वापरा, आणि दोषदायित्वाचा कालावधी किती आहे हे कार्यादेशातून उतरवून घ्या. त्या मुदतीत ब्लॉक खचले तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते. ती तारीख बातमीपत्राच्या तक्त्यात शेवटच्या रकान्यात छापा, कारण मुदत संपल्यावर त्याच पदपथाची दुरुस्ती नवीन तरतूद म्हणून पुन्हा पुस्तकात येते, आणि बहुतेक वेळा ‘विविध ठिकाणी’ या नावानेच येते.