लहान कुत्रीचं बाळंतपण: सकाळची वाट पाहू नका

एका वाचक भगिनींचं पत्र समोर आहे. त्यांच्या पॉमेरेनियनचं पहिलंच वेत. रात्री दहाच्या सुमारास ती जोर करू लागली, थोड्या वेळानं अंगावरून हिरवट-काळपट पाणी गेलं, पण पिल्लू येईना. कुत्र्यांना कुठे डॉक्टर लागतो, ती आपली आपण मोकळी होतात, असं घरातल्यांनी आणि शेजाऱ्यांनी सांगितलं. सकाळी दवाखाना उघडल्यावर तिला नेलं. पहिलं पिल्लू वाटेत आडवं अडकलं होतं. सिझेरियन झालं, कुत्री वाचली, चार पिल्लांपैकी एकच हाती लागलं. त्या विचारतात, आमचं काय चुकलं? आणि तिला पुन्हा भरवायचं की नाही?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी आडपडदा न ठेवता देतो, कारण उद्या हाच प्रसंग दुसऱ्या घरात येणार आहे. हिरवं पाणी दिसलं आणि त्यामागोमाग पिल्लू आलं नाही, त्याच वेळी तुम्ही घरातून निघायला हवं होतं. कुत्रीच्या वारेच्या कडांना हिरवं रंगद्रव्य असतं. पहिलं पिल्लू यायच्या आधी तो रंग बाहेर दिसला, तर आत कुठल्या तरी पिल्लाची वार सुटलेली असते, म्हणजेच त्याचा प्राणवायू तुटलेला असतो. पहिलं पिल्लू झाल्यानंतर तसाच स्राव आला तर त्यात काळजीचं काही नाही. रंग एकच, पण आधी आणि नंतर यांत जीवनमरणाचं अंतर आहे. हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नव्हतं. गाभण कुत्री तपासायला येते तेव्हा आम्हीच हे सांगायला हवं.

ज्येष्ठांचं म्हणणं खोटं नाही, पण ते वेगळ्या कुत्रीबद्दलचं आहे. गावात पडवीत नाहीतर गंजीच्या आडोशाला विणारी कुत्री मध्यम बांध्याची, लांबट तोंडाची, पळून कणखर झालेली असते. जिला पिल्लं होत नाहीत तिचा वंशच पुढे जात नाही, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या सुलभ विणाऱ्याच उरतात. पॉमेरेनियन, चिवावा, पग, शिहत्झू या जाती माणसानं आपल्या आवडीनं घडवल्या. कमरेचं हाड अरुंद आणि पिल्लाचं डोकं मात्र गोल, मोठं. त्यात पोटात एकदोनच पिल्लं असली तर ती जास्तच पोसतात. शिवाय एकट्या पिल्लाकडून कळा सुरू होण्याचा इशाराच पुरेसा मिळत नाही, दिवस भरून जातात आणि गर्भाशय थंडच राहतं. दोनतीन किलोच्या जिवाजवळ ताकदीचा साठा तो किती? तासभर जोर केल्यावर रक्तातली साखर आणि कॅल्शियम उतरतं आणि कळा विझतात. मग बाहेरून कुत्री शांत झोपल्यासारखी दिसते. घरच्यांना वाटतं, आराम करतेय. स्वीडनमधल्या विमा उतरवलेल्या कुत्र्यांवरच्या २००६ सालच्या अभ्यासात अडलेल्या बाळंतपणांच्या यादीत चिवावा, पॉमेरेनियन आणि पग वरच्या भागात होते. ब्रिटनमधल्या २०१० सालच्या अभ्यासात तर बोस्टन टेरियर, बुलडॉग आणि फ्रेंच बुलडॉग यांची ८० टक्क्यांहून जास्त वेतं सिझेरियननं झालेली आढळली.

म्हणून लहान कुत्री विताना हातात घड्याळ हवं, आणि प्रत्येक गोष्टीची वेळ कागदावर लिहिलेली हवी. सुरुवातीची अस्वस्थता, धापा टाकणं, अंथरूण उकरणं, खाणं सोडणं हे सहा ते बारा तास, कधी चोवीस तासही चालतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. खरा हिशेब जोर करायला लागल्यापासून सुरू होतो. वीस ते तीस मिनिटं सलग जोरदार कळा येऊनही पिल्लू आलं नाही, तर निघा. आत पिल्लं बाकी आहेत आणि दोन तासांत पुढचं आलं नाही, तरीही निघा, कुत्री कितीही निवांत दिसत असली तरी. अर्धवट बाहेर आलेलं पिल्लू काही मिनिटांत पुढे सरकलं नाही, तर ओढाताण करू नका, गाडी काढा. मागचे पाय आधी दिसले म्हणून मात्र हबकू नका. कुत्र्यांत सुमारे ४० टक्के पिल्लं तशीच येतात आणि सुखरूप येतात.

एक गोष्ट तळमळीनं सांगतो. कळा वाढाव्यात म्हणून घरी इंजेक्शन टोचून घेऊ नका. गाईम्हशींना पान्हा सुटावा म्हणून ज्या ऑक्सिटोसिनचा गैरवापर होतो, तेच कुणीतरी ओळखीचा माणूस येऊन कुत्रीला देतो. पिल्लू आडवं असताना गर्भाशय आवळलं, तर वारा सुटतात, पिल्लं गुदमरतात, गर्भाशय फाटूही शकतं. पिल्लू कुठे आहे, वाट मोकळी आहे का, हे पाहिल्यावरच त्या औषधाला जागा आहे, आणि तीही अगदी थोड्या मात्रेत.

यातलं बरंचसं आधी कळू शकतं. भरवल्यानंतर चार आठवड्यांनी सोनोग्राफी केली की गाभण आहे का ते समजतं. ५५ दिवसांनंतर एक्स-रे काढला की पिल्लांची संख्या कळते आणि डोक्याच्या आकाराचा अंदाज येतो. किती पिल्लं यायची आहेत हेच माहीत नसेल, तर संपलं की अडलं हे तुम्ही ओळखणार कसं? भरवल्याच्या तारखेवर फार विसंबू नका, तिथून मोजलं तर ५७ ते ७२ दिवसांत कधीही वेत होऊ शकतं. शेवटच्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ गुदद्वारात थर्मामीटर ठेवून ताप पाहा. एरवी १०१-१०२ फॅरनहाइट असणारं तापमान ९९ च्या खाली आलं, की साधारण चोवीस तासांत ती विणार. तितक्या वेळात कळा सुरू झाल्या नाहीत तर सोनोग्राफीवर पिल्लांचे ठोके पाहून घ्या. मिनिटाला दोनशेच्या वर असणारे ठोके १८० च्या खाली घसरले, तर पिल्लं त्रासात आहेत.

आणि रात्री कुठे जायचं ते आधी ठरवा. मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल बहुतेकांना ठाऊक असतं. तालुक्याच्या ठिकाणी लघु पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असतं. पण रात्री दोन वाजता तिथे शस्त्रक्रिया करणारं कुणी आहे का, हे कळा सुरू व्हायच्या आधल्या आठवड्यात फोन करून विचारायचं.

जन्मलेलं पिल्लू निपचित असेल तर तोंड-नाक पुसा, डोकं किंचित खाली धरून कोरड्या टॉवेलनं जोमानं चोळा. हातात धरून झुलवण्याची जुनी पद्धत सोडून द्या, त्यानं मेंदूला इजा होते. पहिल्या आठवड्यात पिल्लाला स्वतःची ऊब राखता येत नाही. खोक्यातली जागा २९ ते ३२ अंश सेल्सियस ठेवा आणि एक कोपरा थोडा थंड असू द्या, म्हणजे तापलं तर त्याला सरकता येईल. गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजू नका. त्याचं आतडं थांबलेलं असतं, दूध पचत नाही आणि फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. आधी हळूहळू ऊब, मग दूध. चीक पहिल्या बारा तासांत पोटात जायला हवा. रोज ठरलेल्या वेळी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करा, दहा-बारा दिवसांत ते जन्माच्या दुप्पट व्हायला हवं. वजन एक दिवसही घटलं तर तो पहिला इशारा समजा.

आईकडेही लक्ष हवं. विल्यानंतरच्या तीन-चार आठवड्यांत लहान कुत्रीचं कॅल्शियम दुधावाटे निघून जातं. ती कासावीस होते, पाय ताठ टाकते, थरथरते, अंग भाजतं आणि मग झटके येतात. हे दिसलं की पिल्लं बाजूला करून थेट दवाखाना गाठायचा. तिथे शिरेतून, हृदयाचे ठोके ऐकत, सावकाश कॅल्शियम दिलं की ती डोळ्यांदेखत सावरते. यावर उपाय म्हणून गाभणपणातच कॅल्शियमच्या बाटल्या पाजणं उलटं पडतं. बाहेरून मिळत राहिलं की हाडांतून कॅल्शियम काढणारी शरीराची यंत्रणा सुस्तावते आणि ऐन गरजेला ती चालत नाही.

पत्रात आणखी एक ओळ आहे, कुत्री रात्री पिल्लं शोधत घरभर फिरते. गेलेली पिल्लं तिला हुंगू द्यावीत, मग उचलावीत. काही कुत्र्या त्यानंतर लवकर शांत होतात, काही चारपाच दिवस शोधत राहतात, मऊ खेळणं उराशी घेऊन बसतात. ते ओढून घेऊ नका. एकच पिल्लू पीत असल्यामुळे काही सडांत दूध साठतं. सड गरम, कडक किंवा लालनिळे होतात का ते रोज हात लावून पाहा. वास मारणारा स्राव किंवा ताप आला तर गर्भाशयाला संसर्ग झाला असू शकतो. घरातल्या मुलांना ‘झोपलीत’ असं सांगू नका. पिल्लं मेली, त्यांना श्वास मिळाला नाही, एवढं साधं खरं त्यांना पेलतं. आणि ताई, तुम्ही त्या रात्री जागत होतात, हेही तितकंच खरं आहे.

आता दुसरा प्रश्न. पुन्हा भरवू नका. ज्या कुत्रीचं एकदा अडलं, तिचं पुन्हा अडण्याचा संभव मोठा, आणि कमरेच्या हाडाचा आकार बदलत नाही. एकदा तरी आई झाली पाहिजे, म्हणजे ती निरोगी राहते, ही समजूत निराधार आहे. पिल्लं झाल्यानं ना गर्भाशयात पू होण्याचा आजार टळतो, ना स्तनांच्या गाठी. देशातल्या पैदासकारांसाठीच्या २०१७ च्या नियमांतही १८ महिन्यांच्या आत मादीला भरवायचं नाही आणि वर्षाला एकाहून जास्त वेत घ्यायचं नाही, असं बजावलेलं आहे. घरच्या लाडक्या कुत्रीला तर एवढंही सोसायला लावण्याचं कारण नाही. पिल्लू दूध सोडेल, सड आटतील, त्यानंतर साधारण दोनतीन महिन्यांनी तिची नसबंदी करून घ्या. तोवर ती माजावर आली तर साखळीशिवाय बाहेर सोडू नका. मोठ्या कुत्र्याचा गर्भ राहिला तर यापेक्षा वाईट रात्र येईल.

वाचलेल्या पिल्लाला आठ आठवडे आईजवळच ठेवा, कुणी मागायला आलं तरी. भावंडं नसल्यामुळे चावणं कुठे थांबवायचं हे त्याला आईच शिकवील. दुसऱ्या आठवड्यापासून जंताचं औषध सुरू करा, सहा ते आठ आठवड्यांत पहिली लस द्या, आणि वजनाचा कागद येताना सोबत आणा.