आधी मोजा, मग बदला : डॅशबोर्ड डिस्प्लेच्या स्विचमधला फॉल्ट कसा शोधायचा?



ऑटो इलेक्ट्रिकच्या व्यवसायावरचा आपला व्हिडिओ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. व्हिडिओत मीटरवरची मापं पटकन निघून जातात, म्हणून तो भाग इथे सावकाश लिहून देतोय. शेजारी वही ठेवा.

सुरुवात एका फोनपासून करतो. आपल्या बॅचमधल्या एका मुलाने नुकतंच स्वतःचं छोटं गॅरेज टाकलं होतं. त्याच्याकडे एक कार आली. तक्रार अशी, की स्टिअरिंगवरचं मोड बटण दाबलं की डिस्प्लेचं पान बदलायच्या ऐवजी ट्रिप मीटर शून्य होतो. यानं ठरवून टाकलं, "स्विच गेला." साडेतीन हजारांचा नवा स्विच आणून बसवला. फॉल्ट तसाच! दुकानदार म्हणाला, बसवलेला इलेक्ट्रिकल पार्ट परत घेत नाही. गिऱ्हाईक म्हणालं, "दादा, काम झालंच नाही, मग पैसे कशाचे देऊ?" रात्री मला फोन. "सर, पहिल्याच महिन्यात खिशातून गेले."

चूक कुठे झाली? हात चांगला होता, पण त्यानं मोजलंच नव्हतं.

आधी स्विच कसा चालतो ते समजून घ्या

जुन्या गाड्यांत साध्या स्विचला प्रत्येक कामासाठी वेगळी वायर असायची. आता बऱ्याच गाड्यांत तीन-चार बटणं एकाच सिग्नल वायरवर चालतात. प्रत्येक बटणामागे वेगळ्या ओहमचा रेझिस्टर असतो. बटण दाबलं की वायरवरचा व्होल्टेज बदलतो आणि कंट्रोल मॉड्यूल त्या व्होल्टेजवरून कोणतं बटण दाबलं ते ओळखतं.

समजा, मॉड्यूल आतल्या 1000 ओहमच्या रेझिस्टरमधून 5 व्होल्ट देतंय. मोड बटण 500 ओहमचं आहे, रीसेट बटण 1000 ओहमचं. मोड दाबल्यावर वायरवर साधारण 1.67 व्होल्ट यायला हवेत आणि रीसेट दाबल्यावर 2.5. आता मधल्या एखाद्या कप्लरची पिन गंजली आणि तिनं स्वतःचे 500 ओहम वाढवले, तर? मोड दाबलं तरी एकूण 1000 ओहम झाले. मॉड्यूलला वाटतं, रीसेट दाबलं! स्विच ठणठणीत, तरी काम चुकीचं. आपल्या मुलाच्या गाडीत हेच निघालं. स्टिअरिंग कॉलमखालच्या कप्लरची एक पिन हिरवी पडली होती.

तक्रारच अर्धं निदान सांगते

- एकच बटण चालत नाही, बाकी चालतात : संशय स्विचवर.
- सगळीच बटणं बंद : फ्यूज, अर्थिंग, कप्लर किंवा सिग्नल वायर बघा.
- बटणांबरोबर हॉर्नही बंद आणि एअरबॅगचा दिवा चालू : स्टिअरिंगमधल्या क्लॉक स्प्रिंगवर संशय.
- भलतंच काम होतं : कुठेतरी रेझिस्टन्स वाढलाय किंवा वायर दुसऱ्या वायरला टेकतेय.
- काम होतं, पण बटणाचा उजेड नाही : उजेडाचं सर्किट सहसा वेगळं असतं. पार्किंग लाइट आणि डिमर तपासा.

फॉल्ट कधी येतो तेही विचारा. पावसात, खड्ड्यात की स्टिअरिंग वळवताना? वळवताना येत असेल तर पुन्हा क्लॉक स्प्रिंगकडेच बोट जातं.

मोजायचा क्रम

1. बॅटरी. गाडी बंद असताना चांगल्या बॅटरीवर साधारण 12.6 व्होल्ट दिसतात. बॅटरी उतरलेली असेल तर आधी चार्ज करा, नाहीतर पुढची मापं फसवतील.

2. फ्यूज. नुसता डोळ्यांनी बघू नका. इग्निशन चालू करून दोन्ही टोकांना व्होल्टेज घ्या.

3. अर्थिंग. मीटरची लाल प्रोब स्विचच्या अर्थ पिनवर, काळी बॅटरीच्या निगेटिव्हवर. बटण दाबून बघा. 0.1 व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थच्या वाटेवर संशय घ्या.

4. रेझिस्टन्स. इग्निशन बंद, बॅटरी काढलेली. मॉड्यूलकडचा कप्लर सोडवा आणि वायरिंगच्या बाजूने, बटण दाबून ओहम मोजा. मग तेच माप थेट स्विचवर घ्या. स्विचवर 500 आणि वायरिंगच्या टोकाला 1000 आलं, तर फॉल्ट मधल्या वाटेवर आहे. खरे आकडे त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा.

5. हलवून बघा. मीटर लावलेला ठेवून वायरिंग आणि कप्लर हळू हलवा. आकडा उडाला, जागा सापडली.

इथे डिजिटल मल्टीमीटरच वापरा. मॉड्यूलच्या सर्किटवर बल्बचा टेस्ट लॅम्प लावू नका. तो जास्त करंट खेचतो आणि मॉड्यूल जाऊ शकतं.

एक गोष्ट जिवाची. स्टिअरिंग उघडायचं असेल तर बॅटरीचा निगेटिव्ह काढा आणि मॅन्युअलमध्ये सांगितली असेल तितकी मिनिटं थांबा. एअरबॅगच्या कप्लरला, जो सहसा पिवळा असतो, मीटर कधीही लावायचा नाही. प्रशिक्षण नसेल तर ते काम नाकारा. नाकारण्यात कमीपणा नाही.

आता धंद्याचं बोलू

गंजलेली पिन साफ करायला दहा मिनिटं लागतात. मग बिल दहा मिनिटांचं करायचं का? नाही! तुम्ही फॉल्ट शोधलात, त्याचे पैसे आहेत. पण ते काम झाल्यावर सांगितलं तर भांडण होणार. म्हणून गाडी हातात घेण्याआधी बोला : "साहेब, तपासणीचे इतके लागतील. फॉल्ट काय आहे ते सांगतो, मग पार्ट बदलायचा की नाही ते तुम्ही ठरवा."

जॉब कार्डवर तीन ओळी लिहा : तक्रार काय, आधीचं माप काय, नंतरचं माप काय. हिरव्या पिनचा फोटो काढून गिऱ्हाइकाला दाखवा. साडेतीन हजारांचा खर्च वाचला हे त्याला कळलं की तपासणीचे पाचशे त्याला जड वाटत नाहीत. पुढच्या वेळी तो शेजाऱ्याची गाडीही तुमच्याकडे पाठवेल.

त्या मुलानं तो स्विच गॅरेजमध्ये भिंतीवर टांगून ठेवलाय. नवा हेल्पर आला की आधी तो दाखवतो आणि मगच पान्याला हात लावू देतो.

तुमचा गृहपाठ : या आठवड्यात स्वतःच्या किंवा ओळखीच्या गाडीची बॅटरी आणि फ्यूज मोजा आणि आकडे वहीत लिहा. चांगल्या गाडीचे आकडे माहीत असले, की बिघडलेली गाडी लगेच ओळखू येते.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत आधी मोजा, मग बदला!