आजीची बियाण्याची गाठोडी

माझी आजी गेल्या माघ महिन्यात वारली. तिचे वय नक्की किती होते ते घरात कुणालाच ठाऊक नव्हते. ती म्हणायची, "बहात्तरच्या दुष्काळात मी तुझ्याएवढी व्हते." मी दहा वर्षांची आहे, म्हणजे हिशेब केला तर ती साठीच्या पुढे होती. ती शाळेत गेली नाही. पण बियाण्यातले तिला जेवढे कळायचे तेवढे आमच्या वाडीत कुणाला कळत नव्हते. म्हणून भित्तिपत्रकासाठी मी आजीच्या बियाण्याची माहिती लिहीत आहे.

आमचे गाव अकोले तालुक्यात आहे. पावसाळ्यात इकडे भात, नागली, वरई होते. आजी परसात मांडव घालून वाल, दोडका, दुधी, डांगर लावायची. वेलाच्या सगळ्या शेंगा ती तोडत नसे. ज्या वेलाला रोग नाही त्याच्या भरलेल्या शेंगा निवडून त्यांना चिंधी बांधायची. चिंधीच्या शेंगेला हात लावायची कुणाची टाप नव्हती, बाबांची सुद्धा! शेंग वेलावरच खडखड वाळली की ती काढायची आणि उन्हात घालायची. मग बी दाताखाली धरून बघायची. कट् असा आवाज आला की वाळले. दबले तर पुन्हा उन्हात.

नंतर चुलीची राख चाळून बियांना चोळायची, वर कडुनिंबाचा पाला घालायची आणि जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधून गाठोडे चुलीच्या वर आढ्याला टांगायची. दुधीचे बी मात्र ती काढतच नसे. अख्खा दुधी वाळवून तसाच टांगायची. हलवला की आत बी खुळखुळ वाजते.

गुरुजींनी याचे कारण वर्गात समजावले. बी मेलेले नसते, ते जिवंत असते व हळूहळू श्वास घेते. ओल लागली की ते जागे होते किंवा कुजते. कोरडे राहिले तर झोपून राहते. राख कोरडी असते, त्यामुळे भुंगा लवकर लागत नाही. धुरानेही कीड दूर राहते. आमच्याकडे गॅस आल्यावर घरातला धूर गेला, म्हणून आजी सकाळी गाठोड्यांखाली मुद्दाम चूल पेटवायची. डोळे चुरचुरतात म्हणून आई कुरकुरायची.

१९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. आपल्या जिल्ह्यातही हजारो माणसे खडी फोडायला, रस्त्याच्या आणि तळ्याच्या कामावर जात होती. आजी तिच्या आईबरोबर जायची. कामावर सुकडी मिळायची. परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळायची, तिची भाकरी आजीला मुळीच आवडली नव्हती. घरात त्या वेळी बियाच्या भाताची एक मडकी होती. आजीच्या धाकट्या भावाने भुकेने ती मागितली तरी तिच्या आईने फोडली नाही. आजी सांगायची, "खायाचं येगळं आन् बी येगळं. बी खाल्लं तं पुढल्या साली पेरशील काय?" मला हे ऐकून त्या भावाचे वाईट वाटायचे. पण पुढच्या साली त्यांच्याकडे पेरायला भात होता.

आपल्याच तालुक्यात कोंभाळणे गावच्या राहीबाई सोमा पोपेरे आहेत. त्याही शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी शंभराहून जास्त गावठी वाणांचे बी जपले. बायफ संस्थेने त्यांना मदत केली. त्यांना बीजमाता म्हणतात. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली व २०२१ साली राष्ट्रपतींनी दिल्लीत दिली. दुकानातले संकरित, म्हणजे हायब्रीड बी एकदा चांगले पिकते. पण त्या पिकाचे बी धरून पुन्हा पेरले तर सगळे पीक सारखे येत नाही, म्हणून दर साली नवे विकत घ्यावे लागते. गावठी बी घरचे घरी धरता येते.

आजी गेल्यावर आढ्याला ७ गाठोडी होती. तिला लिहिता येत नव्हते, त्यामुळे वर नावे नव्हती. कोणत्या फडक्यात काय ते तिच्याच डोक्यात होते. काका म्हणाले, "जुनं झालं ते, पाकिटं आणू." आई म्हणाली, "आधी रुजवून तं बघू." मग चुलत आजीला बोलावले. तिने बी हातावर घेऊन ६ नावे सांगितली. सातवे तिलाही ओळखता आले नाही.

आम्ही ओल्या गोणपाटात प्रत्येकी १० दाणे गुंडाळून ठेवले व पाणी शिंपडत राहिलो. सहाव्या दिवशी मोजले. कडू वालाचे ८ रुजले, दोडक्याचे ६, डांगराचे ४. नागलीचे सगळे रुजले. चवळीला भुंगा लागला होता, तिचा एकही दाणा रुजला नाही. ती चवळी वाडीत आता कुणाकडेच नाही. आई त्या दिवशी काही बोलली नाही.

सातव्या गाठोड्यात ९ च दाणे होते. ते आम्ही गोणपाटात घातले नाहीत. ४ दाणे आईने मृगात मांडवाखाली लावले आणि ५ राखेत ठेवले. चारातले २ उगवले. वेल आता मांडवावर चढला आहे. पान वालासारखे आहे, पण देठ जांभळा आहे. फूल अजून नाही.

राखेतला १ दाणा काचेच्या बाटलीत घालून गुरुजींच्या टेबलावर ठेवला आहे. तो तांबूस असून त्यावर काळे ठिपके आहेत. शाळेत आलेल्या आयांनी आणि आज्यांनी तो जरूर बघावा. कुणाला नाव ठाऊक असेल तर मला चौथीच्या वर्गात येऊन सांगावे.