गठ्ठा तपासायला बसतेस ना?

अगं, तासिका तत्त्वावर का असेना, मानसशास्त्र शिकवायला लागलीस आणि पहिल्याच सेमिस्टरला निबंधांचा हा एवढा गठ्ठा टेबलावर येऊन पडला. रात्री जेवणं आटोपली की लाल पेन घेऊन बसशील. पहिल्या दहा निबंधांवर भरभरून लिहिशील, विसाव्यापाशी 'ठीक' वर येशील आणि चाळिसाव्यानंतर नुसती टिक आणि खाली सही. सगळ्यांचंच असं होतं. म्हणून बसण्याआधी जरा ऐक.

शेरा दिला की मूल सुधारतं, हे आधी डोक्यातून काढ. पुरावा आपल्याच विषयातला आहे. क्लूगर आणि डेनिसी यांनी 1996 मध्ये अभिप्रायावरचे शेकडो निष्कर्ष एकत्र करून पाहिले. सरासरीत फायदा दिसला खरा, पण एक-तृतीयांशाहून जास्त ठिकाणी अभिप्राय मिळाल्यावर काम उलट बिघडलं होतं. समोरच्याचं लक्ष कामावरून उडून स्वतःकडे गेलं, की असं होतं, हे त्यांचं म्हणणं. आता आपले नेहमीचे शेरे आठव: 'अभ्यास कमी', 'निष्काळजीपणा', 'वाचन वाढवा'. हे सगळे मुलावर आहेत, निबंधावर एकही नाही. आणि गंमत म्हणजे 'हुशार आहेस' हाही त्याच पंगतीतला.

मग निबंधावर शेरा कसा लिहायचा? तुझ्या गठ्ठ्यात हे वाक्य नक्की असणार, दरवर्षी असतं: 'मिलग्रॅमच्या प्रयोगावरून माणूस मुळात क्रूर असतो हे सिद्ध होते.' सांगितलं म्हणून दुसऱ्याला विजेचे धक्के देत जाण्याचा तोच तो प्रयोग. तुझा हात शिवशिवेल. 'चूक' लिहून पुढे जाशील. पण 'चूक' वाचून त्या पोराला काय कळणार? त्याऐवजी समासात असं लिहून बघ: '1963 च्या प्रयोगात 40 पैकी 26 जण 450 व्होल्टपर्यंत गेले. उरलेले 14 का थांबले असतील? त्यांच्यावर चार ओळी लिही आणि मग तुझं वाक्य टिकतं का बघ.' पोरगं चुणचुणीत असेल तर आणखी एक दाणा टाक: 'विद्यार्थ्याची भूमिका करणारा माणूस त्याच खोलीत बसवला, तेव्हा शेवटपर्यंत जाणारे 65 टक्क्यांवरून 40 टक्क्यांवर आले. हे कशामुळे?' आता बघ, क्रूर स्वभावावरून गाडी परिस्थितीवर आली की नाही! तेच तर त्या प्रकरणात शिकवायचं होतं. तू उत्तर दिलं नाहीस, फक्त कुठे बघायचं ते दाखवलंस.

कधीकधी चूक पोरांची नसतेच. किटी जेनोवीजचा 1964 मधला खून 38 जणांनी खिडकीतून पाहिला आणि कुणी हललं नाही, हे कित्येक पाठ्यपुस्तकांत छापलेलं आहे. मुलांनी ते उतरवलं तर त्यांच्यावर कशाला चिडायचं? मॅनिंग, लेव्हिन आणि कॉलिन्स यांनी 2007 मध्ये मूळ कागदपत्रं तपासली, तेव्हा या 38 जणांच्या गोष्टीला पुरावा सापडला नाही, एवढं लिही. पुस्तकातलंही तपासायचं असतं हे कळलं, तर त्या निबंधाचं सार्थक झालं.

एका निबंधावर दोनच गोष्टी धर. फार तर तीन. पान लाल करून दिलंस तर मूल ते घडी घालून बॅगेत टाकतं, पुन्हा काढत नाही. बारावीपर्यंत मराठीत शिकून आता इंग्रजीत लिहिणाऱ्या मुलीच्या बाबतीत तर हे जास्तच जप. तिचा विचार बरोबर असतो, क्रियापदं घसरलेली असतात. विचारावर पेनाने लिही, भाषेतली एखादीच वारंवार होणारी चूक पेन्सिलीने दाखव. दोन्ही एकाच शाईत मिसळलं की तिला वाटतं, आपल्याला काहीच येत नाही.

आणि ते 'आधी गोड, मग कडू, शेवटी पुन्हा गोड' सोडून दे. पोरं मूर्ख नसतात, पहिलं कौतुक वाचतानाच ती 'पण' कुठे येतोय ते शोधत असतात. कौतुक करायचं तर नेमकं कर: 'बंडुराच्या बाहुलीच्या प्रयोगातून घरातल्या हिंसेवर थेट उडी मारली नाहीस, मध्ये थांबलीस, हे आवडलं.' असं वाक्य मूल वर्षभर लक्षात ठेवतं.

गुणांचं काय, म्हणशील. गुण द्यावेच लागतात, विद्यापीठाला पाठवायचे असतात. पण शेरे आणि गुण एकाच दिवशी हातात देऊ नकोस. रूथ बटलरने 1988 मध्ये इस्राएलमधल्या शाळकरी मुलांवर केलेला अभ्यास तू वाचला असशील. नुसता शेरा मिळालेली मुलं पुढच्या कामात सरस ठरली. ज्यांना शेऱ्यासोबत गुणही मिळाले, त्यांचं नुसते गुण मिळालेल्यांसारखंच झालं. आकडा दिसला की शेरा कोण वाचतो? आधी गठ्ठा परत दे, सुधारून आणायला आठवडा दे, गुणांची यादी मागाहून लाव.

अजून एक अभ्यास सांगते, माझ्या फार आवडीचा. अमेरिकेत येगर, कोहेन आणि सहकाऱ्यांनी सातवीच्या मुलांच्या निबंधांवर शिक्षकांचे खरेखुरे शेरे तर दिलेच, वर काहींना एक चिठ्ठी जोडली: तुझ्याकडून मोठी अपेक्षा आहे आणि तू ती पूर्ण करशील याची खात्री आहे, म्हणून हे लिहितोय. 2014 मध्ये निष्कर्ष छापून आले. कृष्णवर्णीय मुलांमध्ये निबंध सुधारून आणणारे 17 टक्क्यांवरून 72 टक्क्यांवर गेले. मुलं थोडीच होती, तेव्हा आकडा डोक्यावर घेऊन नाचू नकोस. पण ज्याच्या घरात कॉलेजची पायरी पहिल्यांदाच कुणी चढलंय, त्याला 'बाई माझ्या चुका काढतात त्या मला कमी लेखून की माझ्यावर भरवसा ठेवून?' हा प्रश्न पडतो, एवढं आपण इथेही रोज बघतो. ते वाक्य मात्र रबरी शिक्का मारल्यासारखं सगळ्यांना देऊ नकोस. खाली खरा शेरा नसेल तर ते थाप वाटतं.

आता जरा नाजूक बोलते. आपल्या विषयात मुलं निबंधात स्वतःला लिहून टाकतात. नैराश्यावर लिहिताना मध्येच 'माझी आई दोन महिने अंथरुणातून उठली नाही' असं येतं, किंवा त्याहून वाईट. तिथे शुद्धलेखन काढू नकोस आणि समासात काही लिहूही नकोस, कारण बाकावरच्या चौघी तो कागद वाचणार. तासानंतर त्या मुलीला एकटीला थांबव, 'वाचलं मी' एवढंच म्हण आणि तिला बोलायचं असेल तर ऐक. पण समुपदेशक होऊ नकोस, तू तिची शिक्षिका आहेस. कॉलेजात समुपदेशक असेल तर नाव सांग. नसेल तर सरकारच्या टेली-मानसचा 14416 हा क्रमांक लिहून दे, चोवीस तास चालतो आणि पैसे पडत नाहीत. गुण देताना मात्र मांडणीचेच दे. दुःखाला जास्त गुण दिलेस तर पुढच्या वर्षी मुलं दुःखं रचून आणतील, आणि कापलेस तर पुन्हा कुणी खरं लिहिणार नाही.

मोबाइलवरून उतरवलेल्या निबंधांवर रात्र घालवू नकोस. त्या मुलाला बोलाव, त्याच्याच निबंधातला एक परिच्छेद दोन मिनिटं समजावून सांगायला लाव. सगळं कळतं.

आणि गठ्ठा परत कधी देणार ती तारीख वर्गात आजच सांग आणि पाळ. परीक्षा झाल्यावर हातात पडलेले शेरे कुणीही वाचत नाही.