तोंड ओळखून घास

मासा भुकेला असला की काचेपाशी येऊन घिरट्या घालतो, डब्याचं झाकण उघडल्याचंही त्याला कळतं. ॲनिमोन, श्रिंप, गोगलगाय, फेदर डस्टर यांच्याकडे अशी मागायची सोय नाही. ते हळूहळू झिजत जातात आणि आपल्याला वाटतं, टाकीत सगळं आलबेल आहे. खाऱ्या पाण्याच्या टाकीतले कितीतरी बिनकण्याचे प्राणी निव्वळ उपासमारीने जातात, असं माझं ठाम मत झालं आहे. म्हणून हे अनुभवाचे काही बोल.

१. आधी तोंड बघायचं, मग खाणं ठरवायचं. श्रिंप चिमट्यांनी तोडून खातो, गोगलगाय खरखरीत जिभेने काच आणि दगड खरवडते, फेदर डस्टर हा नळीत राहणारा किडा डोक्यावरच्या तुऱ्याने पाण्यातले कण गाळून घेतो. एकच फ्रोझन क्यूब टाकून सगळ्यांची पंगत उठत नाही.

२. बबल टिप ॲनिमोनच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं आणि उजेडावर साखर तयार करून त्याला देतं. त्यामुळे ‘लाइट चांगला ठेवा, खायला घालू नका’ असं बरेच जण सांगतात. ते अर्धंच खरं आहे. साखरेवर रोजचा खर्च भागतो, पण अंग धरायला प्रथिनं लागतात. मी आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा भरवतो. दहा-पंधरा मिनिटं पंप बंद करायचा, लांब चिमट्यात खाण्याचा तुकडा धरून शुंडकांना नुसता टेकवायचा. शुंडकं लगेच चिकटतात, आत वळतात, मधली चकती दुमडते, तोंड फाकतं आणि तुकडा सावकाश आत जातो. हे कितीदाही बघितलं तरी माझं मन भरत नाही. तुकडा त्याच्या तोंडापेक्षा लहानच हवा. मोठा दिला तर गिळतो खरा, पण नंतर चिकट बुळबुळीत गोळा करून बाहेर टाकतो. फुकट शीण त्याला आणि घाण पाण्याला. पांढरा पडलेला ॲनिमोन घरी असेल तर त्याचं शैवालच निघून गेलेलं असतं. त्याला अगदी बारीक तुकडे, पण जास्त वेळा द्यावेत. तोंड सैल होऊन उघडंच राहिलं असेल तर मात्र भरवू नये, आधी पाणी तपासावं.

३. क्लीनर श्रिंपला आधी जेवू घाला. नाहीतर तो ॲनिमोनच्या तोंडात चिमटे घालून गिळलेला घासही ओढून काढतो. टाकीच्या दुसऱ्या टोकाला त्याला त्याचा वाटा द्यायचा, तो त्यात गुंतला की मग ॲनिमोनकडे वळायचं. कात टाकल्यावर श्रिंप एक-दोन दिवस दगडाआड दडून बसतो, खातही नाही. तेव्हा काडीने डिवचून त्याला बाहेर काढू नये. तळाशी दिसतो तो मेलेला श्रिंप नसून त्याचं रिकामं कवच असतं.

४. बाजारातली कच्ची कोलंबी मी टाकीत घालत नाही. तळ्यात वाढवलेल्या कोलंबीत ‘व्हाइट स्पॉट’चा विषाणू असू शकतो. १९९०च्या दशकात आंध्र-तमिळनाडूकडची कोलंबी शेती त्याने झोपवली होती. माणसाला त्याचा काही त्रास नाही, पण श्रिंप आणि खेकडे त्याला बळी पडतात, आणि फ्रीजरमध्ये ठेवून तो मरत नाही. त्यापेक्षा माकूळ आणि तिसऱ्या उत्तम. घरी आणल्यावर हळद-मीठ लागण्याआधी वाटीभर बाजूला काढायचं, आरओच्या पाण्यात धुवायचं, बारीक चिरून लहान लहान पुड्या फ्रीजरमध्ये टाकायच्या. बांगडा आणि तारली टाळा, त्यांच्या तेलाचा तवंग पाण्यावर धरतो. विकतचं फ्रोझन मायसिसही वितळवून गाळणीत धुवूनच द्यावं, वितळलेल्या पाण्यात फॉस्फेट बरंच असतं.

५. गोगलगायी आणि हर्मिट खेकडे सफाईला म्हणून आणतात आणि विसरतात. टाकी स्वच्छ झाली की त्यांचं ताट रिकामं झालं. नोरीची, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शैवालाची, बिनमिठाची, बिनमसाल्याची पट्टी दगडाला अडकवून द्या. हर्मिटसाठी थोडे रिकामे शंखही ठेवा, नाहीतर शंखासाठी ते गोगलगायीचा जीव घेतात.

६. गाळून खाणाऱ्यांचं मात्र खरं कठीण. फेदर डस्टरला नॅनोक्लोरॉप्सिससारखं दोन-तीन मायक्रॉनचं शैवाल लागतं. आर्टेमियाची (ब्राइन श्रिंपची) पिल्लं त्याच्या गाळणीला मोठी पडतात, ती झोअँथिडसारख्या प्रवाळाच्या नात्यातल्या प्राण्यांना द्यावीत. आर्टेमियाची अंडी साधारण २८ अंशांच्या खाऱ्या पाण्यात, हवा सोडून ठेवली की २४ तासांत फुटतात. आपल्याकडे वर्षातले बरेच महिने हीटरही लागत नाही. हवा बंद करून भांड्याच्या तळाशी एका बाजूने टॉर्च धरायचा. पिल्लं उजेडाकडे नारिंगी ढगासारखी जमतात, रिकामी टरफलं वर तरंगतात. ढग तेवढा नळीने ओढून घ्यायचा आणि लगेच खायला द्यायचा, कारण पिल्लांच्या पोटातला बलक तासागणिक संपत जातो. फेदर डस्टरने तुरा टाकून दिला तर घाबरून त्याला फेकू नका. ताण किंवा उपासमार झाली की तो तसं करतो, स्वतःच्या नळीत जिवंत असेल तर नवा तुरा येतो.

७. उरलेलं खाणं लगेच काढा. नायट्रेट मी दहा पीपीएमच्या आत ठेवतो, पण शून्यावर आणायचा हट्ट धरत नाही. प्राण्यांना उपाशी ठेवून मिळवलेला शून्य काय कामाचा?

८. मुंबईत ओहोटीला हाजी अलीच्या किंवा वांद्र्याच्या खडकांवर जाऊन बघा. झोअँथिडचे थर मिटून पडलेले असतात, पाणी परतलं की उघडतात. खाणं प्रवाहाबरोबर येतं हे तिथे डोळ्यांनी दिसतं. बघा, पण उपटून आणू नका. शिवाय दगडी प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रकाकड्या यांना २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. कोणी ‘लाइव्ह कोरल’ म्हणून विकत असला तर सरळ नाही म्हणा.

आणि दुकानातून कुठलाही प्राणी घेण्याआधी एकच मागणी करा: “आधी याला खाताना दाखवा.” दुकानदार टाळाटाळ करत असेल किंवा प्राणी घासाला तोंडच लावत नसेल, तर पैसे खिशात ठेवून घरी या.