दोरी ओढून खांदा दुखला? आधी पेट्रोल बघा

मासेमारीबंदी 1 जून ते 31 जुलै. होडीचं इंजिन मात्र मेअखेरीपासून पडवीत गोणपाटाखाली पडलेलं असतं. नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी ते बाहेर काढलंत तर मेकॅनिक मिळत नाही, मिळाला तर मागेल तो दर द्यावा लागतो. म्हणून मुहूर्त 15 जुलैचा धरा. अर्धा दिवस पुरतो.

खालचे आकडे आमच्या खाडीवरचे आहेत. तुमच्या बंदरात थोडे कमी-जास्त होतील.

सुरुवात टाकीपासून. टाकीच्या तळातलं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या आणि तासभर हलवू नका. खाली वेगळा थर दिसला तर ते पेट्रोल गेलं. हल्ली पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पावसाळी हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पुरेसं पाणी मुरलं की दोन्ही मिळून तळाला बसतात. टू-स्ट्रोकवाल्यांनी इथे जास्त सावध राहावं. तुम्ही मिसळलेलं ऑइल वरच्या पेट्रोलात राहतं, नळी ओढते तळातलं. म्हणजे इंजिन ऑइलशिवाय चालतं आणि पिस्टन धरतो. थर नाही, पण रंग काळपट आणि वास व्हार्निशसारखा आंबूस, तरीही वापरू नका. पेट्रोल टिकवायचं औषध आता ओतून उपयोग नाही, ते ताज्या पेट्रोलासाठी असतं. ‘प्रीमियम’ 95 ऑक्टेन घेऊनही इथेनॉल चुकत नाही. जुनं पेट्रोल खाडीत सोडू नका. गॅरेजवाले पार्ट धुवायला नेतात.

ताजं पाच लिटर पेट्रोल सव्वापाचशेच्या आसपास. 50:1 चं इंजिन असेल तर लिटरला 20 मिलि ऑइल, अंदाजाने झाकणभर नव्हे. एकदम कॅन भरून ठेवू नका. घरात परवान्याशिवाय 30 लिटरपर्यंतच पेट्रोल ठेवता येतं, आणि तेवढंही दोन महिन्यांत शिळं होतं.

मग नळी. रबरी पंप दाबून बघा. पडून राहिला की तो कडक होऊ शकतो, भेगा पडतात, हवा ओढतो. लोकल पंप नळीसकट 600 ते 1,500 रुपये. कंपनीचा याच्या दुप्पट-तिप्पट. क्लिपा जुन्या गंजलेल्या वापरू नका. फिल्टरची वाटी उघडा, पाणी असेल तर पुसा. प्लग काढा, ओला, काळा असेल तर बदला, दीडशे-दोनशेचा प्रश्न आहे.

एवढं करूनही चोकवर सुरू होऊन चोक काढताच बंद पडत असेल, तर कार्बोरेटरचा जेट बुजलाय. त्याच्या वाटीत राहिलेलं चमचाभर पेट्रोल सुकून त्याचा गोंद झालेला असतो. सगळं दुखणं बहुधा तेवढंच. क्लीनर स्प्रे 250 ते 400 रुपये. जेटमध्ये तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की इंजिन पेट्रोल प्यायला लागतं. स्वतः जमत नसेल तर मेकॅनिकची सफाईची मजुरी 500 ते 1,500. फोर-स्ट्रोक इंजेक्शनवालं असेल तर घरी उघडू नका, सर्व्हिस सेंटर गाठा. तिथे मजुरीवर जीएसटी वेगळा किती, हे आधीच विचारा.

आता खिसा सांभाळायची जागा. ‘कार्बोरेटरच बदलावा लागेल’ हे वाक्य ऑगस्टमध्ये फार ऐकू येतं. नवा ओरिजिनल पाच आकड्यांत जातो. मी एकदा असा बदलून घेतला, इंजिन तिसऱ्या दिवशी पुन्हा बंद. टाकीत पाणी होतं, तिच्यात कुणी डोकावलंच नव्हतं. तेव्हापासून माझी अट एकच: आधी वेगळ्या कॅनमधून ताजं पेट्रोल देऊन चालवून दाखवा, मग पार्टचं बोला. बदललेला पार्ट परत मागा. येण्या-जाण्याचे पैसे वेगळे का, तेही काम सुरू व्हायच्या आधी ठरवा. फक्त गॅस्केट लागत असेल तर पूर्ण किट घेऊ नका.

चाचणी पिंपात, पाणी भरून. कोरडं इंजिन ‘फक्त दोन मिनिटं’ चालवलं की पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर जळतो, आणि हा खर्च पेट्रोलच्या भानगडीत उगाच वाढतो. मागून पाण्याची धार येत नसेल तर लगेच बंद करा.

इंजिन वॉरंटीत असेल तर बिल, वॉरंटी कार्ड आणि ब्रॅकेटवरच्या पट्टीवरचा सीरियल नंबर सोबत न्या. पट्टी गंजायच्या आत तिचा फोटो काढून ठेवा. शिळ्या पेट्रोलमुळे झालेलं नुकसान बहुतेक कंपन्या वॉरंटीत धरत नाहीत, तेव्हा काउंटरवर ‘दोन महिने पेट्रोल आत होतं’ हे ऐकताच फाइल बंद होते.

पुढच्या मेमध्ये इंजिन काढाल तेव्हा कार्बोरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू सोडा, चमचाभर पेट्रोल डब्यात घ्या, स्क्रू परत लावा. पाच मिनिटं, पाना दहा नंबरचा किंवा साधा स्क्रू ड्रायव्हर, खर्च शून्य.